मास्टर्स करताना फिरायचं कधी? (जर्मनी, दोन विषय उडालेत)

सांगलीची_हळद

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मेकॅनिकलची, जर्मनीत मास्टर्सला, ड्रेस्डेनपासून ट्रेनने तासाभरावर राहते. ऑक्टोबरात आले आणि पहिल्याच सेमिस्टरला अकरा शहरं केली. प्राग, व्हिएन्ना, क्राकोव्ह, बर्लिन तीनदा, डिसेंबरात तर ख्रिसमस मार्केटांचा सपाटाच लावला, ड्रेस्डेनचं १४३४ पासूनचं आहे म्हणे, मग ते सोडायचं कसं. रोज स्टेटसला फोटो. गल्लीतल्या काकू आईला विचारायला लागल्या, तुमची पोरगी होस्टेलला असते का बसस्टँडवर.

आणि फेब्रुवारीत पाचातले दोन विषय उडाले. ५.० आणि ५.०. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इकडे उलटं असतं, १.० म्हणजे टॉप, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे बसा परत.

एका विषयाचं तर मला आधीच कळलं होतं, तेवढं सांगते. पेपर सोमवारी, फायनाईट एलिमेंटचा. मी शनिवारी रात्री बुडापेस्टहून बसले. हिशोब असा की बसमधे नऊ-दहा तास मिळतात, दोन युनिट आरामात होतील. मांडीवर लॅपटॉप, स्लाईड नंबर १४, शेप फंक्शन्स. शेजारच्या आजोबांनी अर्ध्या तासात माझ्या खांद्यावर मान टाकली. मग कुठेतरी थांबा, कुणाचीतरी बॅग सापडेना. जर्मन बॉर्डरवर पहाटे बस बाजूला घेतली, सगळे दिवे लावले, पोलिस आत येऊन एकेकाचा पासपोर्ट बघतायत, आणि माझ्या स्क्रीनवर अजून १४ च. बस तीन तास लेट. घरी आले तर रविवार, दुकानं बंद, कपाटात मॅगीचं एक पाकीट. ते खाल्लं आणि झोपले ते डायरेक्ट संध्याकाळी सातला उठले.

बाबांना फक्त एक विषय सांगितलाय. त्यावर ते म्हणाले, "बाळा, तिकडं शिकायला गेलीयास का नकाशा रंगवायला?"

आता एप्रिल सुरू झालाय, नवीन सेमिस्टरचे पाच विषय आणि हे दोन मागचे. घरात बसून राहायला आलेय असंही नाही वाटत हो, एवढ्या लांब आलेय तर. तुम्ही लोक कसं करता? खरं खरं सांगा, "टाईम मॅनेजमेंट कर" एवढंच लिहून जाऊ नका.

पोहे_आणि_प्रेत्झेल

पहिलं म्हणजे पहिल्या सेमला दोन विषय उडणं हा आपल्या लोकांत राष्ट्रीय खेळ आहे, माझा एक उडाला होता आणि मी तर कुठे फिरलोही नव्हतो :)

दुसरं, तुझा हिशोब मुळात कुठे चुकला ते बघ. आपण इंजिनिअरिंगला वर्षभर टवाळक्या करून शेवटचे पंधरा दिवस रात्री जागून पेपर काढलेले लोक, वर केटी होतीच. इकडे एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं काम धरतात. सेमिस्टरला ३० क्रेडिट, म्हणजे ९०० तास. सहा महिन्यांच्या २६ आठवड्यांत पसरलेस तर आठवड्याला जेमतेम ३५ तास होतात, एका नोकरीपेक्षा कमीच. पण लेक्चर चालू असतात ते १५ आठवडेच अभ्यासाचे आणि नंतरचे दोन-अडीच महिने सुट्टी असं डोक्यात ठेवलंस की तेच आठवड्याला ६० होतात. आणि त्या १५ मधले तुझे किती वीकएंड गेले? अकरा शहरं म्हणजे निदान आठ. म्हणजे उरले काय, बोंब.

त्या मोकळ्या महिन्यांना जर्मन लोकसुद्धा सुट्टी म्हणत नाहीत, नीट बघ, "लेक्चर नसलेला काळ" म्हणतात. आपणच त्याला दिवाळीची सुट्टी समजतो.

माळरान

धागाकर्तीला वाईट वाटेल पण लिहितो. घरच्यांनी लोन काढून पाठवलंय असं गृहीत धरतो, नव्वद टक्के घरांत तेच असतं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (दरमहा ठरावीकच पैसे काढता येतात असं बँक खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला हातात ९९२ येतात, ते पैसे राहायला खायला असतात, बुडापेस्टला नाही. फ्लॅट गहाण ठेवलेल्या बापाची पोरं स्टेटसला गोंडोला टाकतात तेव्हा मला तिडीक जाते. दोन वर्षं शिका, नोकरी लागली की मग जग फिरा, कोण अडवतंय.

कसारा_लोकल

@माळरान काका, नोकरी लागली की वर्षाला पंचवीस-तीस रजा असतात आणि त्यातल्या वीस भारतात जाण्यात जातात, लग्नं, मुंजी, आईचा गुडघा. मी पाच वर्षं इथे आहे, विद्यार्थी असताना पाहिलं तेच पाहिलं.

पण पैशाचा मुद्दा वेगळा आणि फिरण्याचा वेगळा, दोन्ही एकात घालू नका. डॉईचलांड तिकीट (देशभर चालणारा महिन्याचा पास) सुरू झालं मे २०२३ ला ४९ युरोला, मग ५८ झालं, जानेवारी २०२६ पासून ६३ आहे, आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत विद्यार्थ्यांना त्याच्या ६० टक्क्यांत सेमिस्टर तिकीट म्हणून मिळतं, ते फीमधेच कापलेलं असतं. म्हणजे आरई, आरबी, एस-बान या जवळपासच्या साध्या गाड्या, ट्राम, बस, देशभरात कुठेही. आयसीई आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही तेवढं लक्षात ठेवा, माझा एक रूममेट प्रागच्या ईसीत ते दाखवून बसला होता, त्याची गोष्ट मी लग्नातपण सांगणारे. हे तिकीट खिशात असताना ड्रेस्डेनवाल्या माणसाने रात्रीच्या बसने बुडापेस्टला जावंच का? सकाळी नऊला निघून संध्याकाळी सहाला घरी, रविवार अख्खा अभ्यासाला मोकळा. म्युनिकवाले तर याच तिकिटावर साल्झबुर्गपर्यंत जातात, म्हणजे परदेशवारीही झाली स्टेटसपुरती.

औंधची_आई

मी इथे नेहमी रेसिपीच्या धाग्यांवर असते, पण हे वाचून राहवलं नाही. माझी मुलगी ब्राऊनश्वाइगला आहे. तिचं तुझ्या अगदी उलट. पहिल्या सहा महिन्यांत ती खोली, लायब्ररी आणि सुपरमार्केट यापलीकडे कुठे गेली नाही. मार्क चांगले आहेत, हो. पण डिसेंबरात तिकडे चारलाच अंधार पडतो आणि व्हिडिओ कॉलवर ती मला दिव्याखाली पांढरी फटक दिसायची, बोलायची कमी, "हो, ठीक, जेवले" एवढंच. मीच म्हणत होते, बाई कुठेतरी जाऊन ये गं. तर म्हणायची, आई एक दिवस गेला की मागे पडते.

हळद, तुझे बाबा बोलले ते काळजीने बोलले. दुसरा विषयही सांगून टाक त्यांना. आईबापांना कळतंच, फक्त उशिरा कळलं की जास्त लागतं. आणि जाशील तिथे दशम्या करून ने, दुधात भिजवलेल्या चार दिवस टिकतात, वर शेंगदाण्याची चटणी. रविवारी मॅगीवर राहायची वेळ यायला नको.

पीएचडी_पीडित

मी चार वर्षं एका इन्स्टिट्यूटला आहे, ऊबुंग (म्हणजे गणितं सोडवायचा तास) घेतो आणि फेब्रुवारी-मार्चमधे पेपरांचे गठ्ठे तपासतो, म्हणून जरा टेबलाच्या पलीकडून लिहितो.

फिरणारी पोरं नापास होतात असं मला कधी दिसलं नाही. नापास होतात ती ऊबुंगला न येणारी. लेक्चरला हजेरी नसते बऱ्याच ठिकाणी, म्हणून आपले लोक खूश, स्लाईड्स ऑनलाइन आहेतच. पण पेपर स्लाईडवर नसतो, पेपर ऊबुंगच्या गणितांवर असतो. दर आठवड्याला एक शीट येतं, चार-पाच प्रॉब्लेम. त्यातला एक आठवडा बुडाला तर चालतं. सलग दोन बुडाले की तिसऱ्याचं काहीच कळत नाही कारण ते दुसऱ्यावर उभं असतं, मग माणूस लाजेने येणंच बंद करतो आणि मला डायरेक्ट पेपरात भेटतो, पहिलं पान कोरं.

हळद, तुझ्या पोस्टमधे सगळा राग त्या बसवर आहे. मला विचारशील तर तो विषय बसमधे गेला नाही, तो नोव्हेंबरातच गेला होता. तू स्लाईड १४ वर अडकलीस कारण शेप फंक्शन पहिल्यांदा बघत होतीस. सांग, खरं का खोटं?

आणि ट्रेनमधे अभ्यास होतो का यावर इथे उगाच वाद होईल म्हणून आधीच सांगतो. वाचायचं काम होतं. सोडवायचं होत नाही. पेपर, रिपोर्ट, जर्मनचे शब्द, प्रेझेंटेशनची कच्ची मांडणी हे सगळं आरबीत बसून मस्त होतं, खिडकी आहे, टेबल आहे, कुणी बोलत नाही. मॅट्रिक्स उलटी करायला मात्र घरचं टेबल आणि रफ वही लागते.

सांगलीची_हळद

@पीएचडी_पीडित खरं आहे :( ऊबुंग शुक्रवारी दुपारी दोनला होती आणि मी शुक्रवारीच निघायचे. तीनदा गेले फक्त, सेमिस्टरभरात.

@औंधची_आई काकू, डोळ्यात पाणी आलं हो. दशमीत गूळ घालायचा का नाही?

औंधची_आई

प्रवासाला गुळाची कर. भाजीबरोबर खायची असेल तर साधी.

जुना_स्टुटगार्टकर

हा धागा वाचून आमचे दिवस आठवले. मी १९८७ ते ९० स्टुटगार्टला होतो. मुंबई आणि स्टुटगार्टचं जुळ्या शहरांचं नातं १९६८ पासूनचं, तरी तेव्हा तिथे मराठी माणूस रस्त्यात दिसला की आम्ही थांबून नाव-गाव विचारायचो. शेंगेन, म्हणजे एका व्हिसावर बरेच युरोपीय देश, हे नव्हतं (ते चालू झालं १९९५ ला), फ्रान्सला जायचं तर वेगळा व्हिसा, हॉलंडला वेगळा, प्रत्येकाला फोटो आणि फी, त्यामुळे तुमच्यासारखी अकरा शहरं आमच्या नशिबात नव्हती.

एकच गोष्ट सांगतो. ९ नोव्हेंबर १९८९, गुरुवार. होस्टेलच्या कॉमन रूममधे टीव्ही होता, रात्री तिथे ही गर्दी, बर्लिनची भिंत उघडली म्हणून. आमच्या मजल्यावरच्या दोघांनी गाडी काढली, म्हणाले चल, पहाटे निघून दुपारी पोचू, एक सीट रिकामी आहे. माझी सोमवारी तोंडी परीक्षा होती, प्रोफेसरांनी दिलेली तारीख, थर्मोडायनॅमिक्स. मी नाही म्हटलं. ते गेले, सोमवारी सकाळी परत आले, न झोपलेले, एकाच्या खिशात भिंतीचा सुपारीएवढा तुकडा, एका बाजूला निळा रंग. मला तोंडीत २.३ मिळाले.

तो तुकडा त्याने मला देऊ केला होता, मी घेतला नाही. का ते आजही सांगता येत नाही.

कसारा_लोकल

काका. अंगावर काटा.

माळरान

@जुना_स्टुटगार्टकर साहेब, किस्सा जबरदस्त आहे. पण भिंत रोज पडत नाही. बुडापेस्ट पुढच्या महिन्यातही तिथेच असणार आहे. तुमच्या उदाहरणावरून ही मुलं दर वीकएंडला गाडी काढतील.

जुना_स्टुटगार्टकर

तेच तर म्हणतोय माळरानराव. भिंत पडत असेल तर सोमवार सोडावा, ख्रिसमस मार्केटसाठी सोडू नये. फक्त त्या गुरुवारी रात्री आम्हाला कुठे माहीत होतं की उद्या-परवापर्यंत काय होणार आहे, कॉमन रूममधले निम्मे लोक म्हणत होते दोन दिवसांत परत बंद करतील.

फायलीतला_कागद

भावनिक चर्चा चालू द्या, मी कोरडं लिहितो कारण यात माणसं खरंच अडकतात.

जर्मनीच्या रेसिडेन्स परमिटवर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, कुठल्याही १८० दिवसांत, मागे मोजत जायचं. वीकएंडवाल्यांचे ९० कधीच भरत नाहीत पण कुणी तीन महिने पोर्तुगालला बसून थिसिस लिहायचं म्हणत असेल तर मोजा. स्वित्झर्लंड शेंगेनमधे आहे, क्रोएशिया २०२३ पासून आहे, रोमानिया-बल्गेरिया जमिनीच्या बॉर्डरसकट २०२५ पासून. इंग्लंड आणि आयर्लंड नाही, त्यांचा वेगळा व्हिसा.

पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड ओरिजिनल जवळ ठेवा, मोबाईलमधला फोटो नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या बॉर्डरवर तपासणी चालू केलीय, हळदची बस थांबवली ती त्यातलीच असणार.

आता मुख्य. परमिट संपत आलं, अर्ज केला, कार्ड यायला वेळ आहे, तेव्हा ऑफिस एक घडीचा कागद देतं, फिक्शन्सबेशायनिगुंग. त्यात आत खुणा करायच्या चौकटी असतात आणि कुठल्या चौकटीत खूण आहे यावर सगळं आहे. परदेशी लोकांच्या राहण्याच्या कायद्यातल्या कलम ८१ चं पोटकलम ४ असेल तर जुनं परमिट चालू आहे असं धरतात, बाहेर जाऊन परत जर्मनीत येता येतं. पोटकलम ३ असेल तर तो कागद इथे थांबण्यापुरता आहे, त्यावर बाहेर जाऊन परत आत येता येत नाही. माझ्या ओळखीतला एकजण भावाच्या लग्नाला नाशिकला गेला, ३ ची खूण असलेला कागद घेऊन. परत येताना मुंबईला काउंटरवरूनच मागे फिरवला. नवीन व्हिसा काढेपर्यंत सेमिस्टरचे सात आठवडे गेले, लॅबची हजेरी कंपल्सरी होती तीही गेली. तिकीट काढण्याआधी तो कागद उघडून वाचा, जर्मन येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडून वाचून घ्या.

लिफीकाठची_लिली

वर आयर्लंडचा उल्लेख आला म्हणून. मी डब्लिनला आहे. तुम्ही लोक शनिवारी सकाळी उठून प्रागला जाता हे वाचून मला रडू येतं. आम्हाला युरोपात पाय ठेवायचा तर शेंगेन व्हिसा काढायचा, अपॉइंटमेंट, बँक स्टेटमेंट, कॉलेजचं पत्र, इन्शुरन्स. एक वर्षाचं मास्टर्स, त्यात अपॉइंटमेंट मिळेपर्यंत असाइनमेंटच्या डेडलाईन येतात. त्यामुळे आपोआप बॅलन्स होतो, फिरताच येत नाही हाहा. पण गॉलवे, क्लिफ्स ऑफ मोहर, हाऊथ हे मी इतक्यांदा केलंय की गाईड म्हणून लागेन.

कसारा_लोकल

अजून एक फुकटचा सल्ला, स्वित्झर्लंड शेंगेनमधे असलं तरी युरोपियन युनियनमधे नाही, तिथे मोबाईलचं रोमिंग जर्मनीसारखं फुकट धरू नका. मी बाझेलला अर्धा दिवस मॅप चालू ठेवला होता, त्याचं बिल बघून वाटलं त्यात राहून-खाऊन झालं असतं.

विदर्भातली_संत्री

मी इंजिनिअर नाही, समाजशास्त्रवाली, त्यामुळे आमचं गणित निराळं. आम्हाला पेपर कमी, हाऊसआर्बाइट जास्त, म्हणजे पंधरा-वीस पानांचे निबंध, आणि सगळ्यांची डेडलाईन ३१ मार्च. लेक्चर संपतात फेब्रुवारीच्या सुरुवातीला. मग काय, दोन महिने, राजा आपण. मी पहिल्या वर्षी तेव्हा तीन आठवडे इटलीला गेले, निबंध "डोक्यात पिकतायत" अशी स्वतःची समजूत. २० मार्चला परत आले तेव्हा काहीही पिकलेलं नव्हतं. लायब्ररीतली जी दोन पुस्तकं हवी होती ती दुसऱ्यांनी नेलेली. तीन निबंध अकरा दिवसांत लिहिले, एक तर इतका वाईट की माझा मलाच वाचवेना.

दुसऱ्या वर्षी उलटं केलं. आधी विषय प्रोफेसरांकडून पक्का, पुस्तकं स्कॅन करून लॅपटॉपवर, दहा पानं कच्ची लिहून मगच निघाले. हेलसिंकीला ओडी नावाची पब्लिक लायब्ररी आहे, २०१८ ला उघडली, वरच्या मजल्यावर मोठ्ठ्या काचा, कुणीही जाऊन बसा, पैसे नाहीत, कार्ड नाही. बाहेर बर्फ, आत मी, निबंधाची शेवटची सहा पानं तिथे लिहिली. अर्धा दिवस लिहायचं, अर्धा दिवस भटकायचं. कच्चं तयार असलं की बाहेर बसून दुरुस्त्या छान होतात, कोऱ्या पानाशी कुस्ती मात्र घरीच.

मैत्रिणी म्हणाल्या हेलसिंकीला जाऊन लायब्ररीत बसलीस? हो बसले. मला तेवढंच आठवतंय त्या ट्रिपमधलं.

पोहे_आणि_प्रेत्झेल

@संत्री लई भारी.

यावरून आठवलं, इंजिनिअरिंगवाल्यांची सगळ्यात कॉमन चूक. डिसेंबरात स्वस्त तिकीट दिसतं म्हणून १ मार्चचं रोमचं विमान काढायचं, आणि मग परीक्षेचं वेळापत्रक लागतं त्यात एक पेपर ३ मार्चला. तिकीट नॉन रिफंडेबल, ३० युरोचं. त्या तीस युरोसाठी लोक पेपर पुढे ढकलतात!! पुढचा पेपर सहा महिन्यांनी, काही ठिकाणी तर वर्षाने, तेव्हा आणखी एक सेमिस्टर राहावं लागलं तर खर्च किती ते माळरान काकांनी वर लिहिलाच आहे, महिन्याला ९९२.

पेपरातून नाव काढून घ्यायची तारीख असते तीही कॅलेंडरला टाक. त्या तारखेच्या आत नाव काढलं तर अटेम्प्ट मोजत नाहीत, नंतर न जाणं म्हणजे ५.०. बऱ्याच ठिकाणी तीनच अटेम्प्ट असतात, तिसराही गेला की कोर्समधून नाव कापतात आणि तोच कोर्स दुसऱ्या युनिव्हर्सिटीत घेणंही अवघड होऊन बसतं. हळद, तुझे एकेक गेलेत, दोन-दोन आहेत. बास आहेत, पण सुट्टे पैसे समजू नकोस.

माळरान

मी वर जरा तोडून बोललो. माझा मुलगा कॅनडात आहे, दोन वर्षं फोन केला की "बिझी आहे", आणि त्याचे फोटो मला त्याच्या मित्राच्या आईकडून बघायला मिळायचे. धबधबा, बर्फ, कुठलीतरी मोटार. पैशाचं एवढं नाही हो. आम्हाला दाखवायचं नाही असं त्याने का ठरवलं, ते लागलं.

औंधची_आई

माळरान भाऊ, तुम्ही ओरडाल म्हणून दाखवले नसतील.

माळरान

ओरडलो असतो, हे खरं.

सांगलीची_हळद

दोन महिन्यांनी येतेय, धागा वर काढल्याबद्दल सॉरी.

काय केलं ते सांगते. शुक्रवारची ऊबुंग या सेमिस्टरला मंगळवारच्या ग्रुपला बदलून घेतली, साधा ईमेल केला, झाली पण, पहिल्या सेमला विचारायचं सुचलंच नव्हतं. मागचे दोन विषय आणि नवीन तीनच घेतलेत, उरलेले दोन पुढच्या हिवाळ्यात. शनिवार फिरायचा, रविवार घरी, रात्रीची बस बंद. हे दरवेळी पाळलं असं नाही, मे मधे एकदा वायमारला गेले ती रविवारी रात्री आले, पण शीट आधी झालेलं होतं. पेंटेकॉस्टच्या (ख्रिश्चन सण) आठवड्यात लेक्चर नव्हते तेव्हा चार दिवस रोस्टॉकला समुद्रावर गेले, सगळं डॉईचलांड तिकिटावर, दिवसभर गाड्या बदलत. गाडीत वाचायचंच काम ठेवलं होतं, पीडित सर बरोबर होते. परत येताना शेवटची गाडी रद्द झाली तर दीड तास प्लॅटफॉर्मवर दशमी खात बसले, गुळाची.

दुसरा विषय बाबांना सांगितला. फोनवर इतका वेळ काही बोलेनात की मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाले, "बरं. बुडापेस्ट कसं आहे पण?" मी नदी, पूल, रात्रीचे दिवे सगळं सांगत बसले, वीस मिनिटं. शेवटी म्हणाले, आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलापेक्षा मोठा आहे का?

पेपर २२ आणि २९ जुलैला आहेत. निकालाचं नंतर.

आता कामाचं. येत्या शनिवारी बास्टाईला जायचं ठरतंय, ड्रेस्डेनहून एस-१ ने कुरोर्ट राथेनला उतरायचं, तिथून एल्ब ओलांडायला होडी आहे, तिला इंजिन नाही, दोरीला बांधलेली असते आणि नदीच्या धारेवरच पलीकडे जाते, मला तर तीच बघायचीय. पुढे पायऱ्या चढून वर, १८५१ चा दगडी पूल सुळक्यांच्या मधून. फोटोत आपल्या सह्याद्रीतले कडे वाटतात, फक्त माकडं नाहीत. औंधच्या काकूंची लेक शुक्रवारीच माझ्याकडे येतेय राहायला, गाड्या बदलत, काकूंनीच नंबर दिला. आजूबाजूचं कुणी येणार असेल तर सांगा, बटाट्याची भाजी माझ्याकडे, पोळ्या कुणीतरी करा.

औंधची_आई

चटणी तिच्याबरोबर येतेय. तिला वर चढताना घाई करू नका, सवय नाही.

कसारा_लोकल

मी लाइपझिगहून येतो, पोळ्या नाही जमणार, ब्रेड आणतो. एस-१ कितीची?

सांगलीची_हळद

साधारण नऊची धरू, नक्की वेळ शुक्रवारी टाकते. पुढच्या डब्यात बसा.

माळरान

मजा करा. सोमवारी काय आहे?

सांगलीची_हळद

सोमवारी काही नाही काका, बघूनच ठरवलंय. मंगळवारी ऊबुंग. शीट झालंय, चौथा प्रश्न सोडून.

पीएचडी_पीडित

चौथ्याला बाउंड्री कंडिशन आधी लाव, मग मॅट्रिक्स लहान होते. आणि होडीचा व्हिडिओ टाक.